कारणाचा रकाना

मीटरने पाचापासून एकापर्यंत उलटे आकडे मोजले आणि मग पडद्यावर तीनशे बारा उमटले. आत्माराम कोचरेकरांनी मीटर डोळ्यांजवळ आणला. अकरा वाजताचे ऊन खिडकीतून तिरपे येऊन काचेवर पडले होते, म्हणून त्यांनी तो टेबलाखाली सावलीत धरून पुन्हा पाहिला. सावलीतही तीनशे बाराच होते. टेबलाच्या पलीकडे त्यांची मुलगी रसिका डावा हात त्यांच्यापुढे टाकून, मान मागे वळवून, ओट्यापाशी पुऱ्यांची कणीक मळणाऱ्या आईशी बोलत होती. हात तिचा होता. पण वयाच्या नवव्या वर्षी तिला मधुमेह झाला तेव्हापासून गेली पंचवीस वर्षे तो ती असाच वडिलांच्या स्वाधीन करून दुसरीकडे बघत असे, जणू टोचायचे बोट ही घरातली सामाईक वस्तू होती. "किती?" तिने न वळताच विचारले. "बरा आहे," आत्माराम म्हणाले. रसिकाचे बोलणे चालूच राहिले. उर्मिलेचे हात मात्र कणकेत क्षणभर थांबले. या घरात 'किती' या प्रश्नाचे उत्तर नेहमी आकड्यातच दिले गेले होते. एकशे चाळीस, दोनशे दहा, आणि त्या एका सहलीच्या दिवशी, ओठ पांढरे पडलेल्या मुलीला मांडीवर घेऊन, एकोणचाळीस. प्रत्येक वेळी आकडा स्वच्छ उच्चारला गेला होता, कारण आकडा लपवणे म्हणजे आजाराला मदत करणे, असा आत्मारामांचाच दंडक होता.

"दुसरं बोट दे," ते म्हणाले.

"आता काय झालं?"

"पट्टीला रक्त कमी पडलं."

"नऊ महिन्यांत माझं रक्तही कंजूष झालं वाटतं," रसिका हसली आणि तिने मधल्याशेजारचे बोट पुढे केले. "लवकर करा हं बाबा. माझे अजून सात आंबे पिळायचे राहिलेत." डाव्या हाताच्या अंगठ्याने त्यांनी ते बोट मुळापासून टोकाकडे दाबत आणले, सुई लावली, थेंब फुगला, पट्टीने तो ओढून घेतला. दोनशे सत्त्याण्णव. रसिका उठून ओट्यापाशी गेली, पुन्हा पातेल्यासमोर उभी राहिली, आणि आत्माराम हातातला मीटर उपडा ठेवून टेबलापाशी बसून राहिले. त्यांना आपल्या कानात एक बारीक शिट्टी ऐकू येऊ लागली. कारखान्यात हवेचा दाब उतरू लागला की नियंत्रण कक्षातून अशी शिट्टी ऐकू यायची. कोणती नळी फुटली आहे ते ठाऊक नसायचे. नळ्या शेकडो होत्या. फक्त एवढे कळायचे की कुठून तरी काहीतरी निसटते आहे.

नऊ महिन्यांपूर्वी मुंबईतल्या एका इस्पितळात रसिकाच्या पोटात दुसऱ्या कुणाची तरी दोन इंद्रिये बसवली गेली होती: डावीकडे मूत्रपिंड, उजवीकडे स्वादुपिंड. तिची स्वतःची मूत्रपिंडे तीन वर्षांपूर्वी निकामी झाली होती, आणि त्यानंतर दोन वर्षे आठवड्यातून तीन दिवस ती मीरा रोडच्या डायलिसिस केंद्रात पलंगावर हात पसरून पडत असे. शल्यवैद्यांनी कागदाच्या पाठीवर चित्र काढून समजावले होते. तिचे जुने स्वादुपिंड काढायचे नाही. ते इन्सुलिन बनवत नसले तरी अन्न पचवायचा रस अजून बनवते, तेव्हा ते जागच्या जागी राहू दे. नवे खाली, ओटीपोटात, आणि त्याच्या रक्तवाहिन्या मांडीकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडायच्या. आत्मारामांनी तो कागद घडी करून खिशात घातला होता. कारखान्यातली नळजोडणीची शेकडो रेखाचित्रे त्यांनी वाचली होती, पण जुने यंत्र न काढता नवे त्याच्या शेजारी बसवून दोघांनाही आपापल्या कामाला लावायचे, अशी समजूतदार जोडणी त्यांनी कुठेच पाहिली नव्हती. "पण डॉक्टर, साखर किती ठेवायची हे त्याला सांगणार कोण?" त्यांनी विचारले होते. शल्यवैद्य हसले होते. "कुणीच नाही. त्याचं त्याला ठाऊक असतं."

हे वाक्य पुढे कित्येक दिवस आत्मारामांच्या मनात राहिले. टेक्निकल कॉलेजातून पदविका घेऊन ते ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रासायनिक कारखान्यात लागले, आणि अडतीस वर्षे त्यांनी एकच काम केले: तापमान, दाब, प्रवाह ठरवलेल्या आकड्यावर राखणारी यंत्रे जुळवणे. हे काम बाहेरून सोपे दिसते. यंत्राने उशिरा हालचाल केली तर तापमान चढते, घाईने केली तर कोसळते, आणि सावरायला गेले की पुन्हा चढते. कागदावर पेन डोंगर-दऱ्या काढत राहते. रसिकाच्या बाबतीत ते नियंत्रक यंत्र आत्माराम स्वतः होते. पोळ्या किती, खेळणार किती, परीक्षा आहे का, ताप आहे का, यांवरून ते इन्सुलिनचे माप ठरवत, आणि तिचे आयुष्य चाळीस आणि चारशे यांच्यामध्ये डोंगर-दऱ्या काढत राही. मूत्रपिंडे गेली तेव्हा डॉक्टरांनी सांगितले, हा आजारच असा, यात कुणाची चूक नाही. आत्मारामांनी मान हलवली होती. पण घरी येऊन त्यांनी अकराच्या अकरा वह्या पलंगावर मांडल्या आणि पहिल्या पानापासून वाचू लागले, जणू बावीस वर्षांतल्या कुठल्या तरी मंगळवारी त्यांनी लावलेले माप चुकले होते आणि ती चूक तिथेच, शाईत, सापडणार होती. चुका पुष्कळ सापडल्या. ती एक चूक सापडली नाही.

आणि मग शस्त्रक्रियेचा तो दिवस. नव्या इंद्रियांत रक्त सोडल्यावर दर तासाला साखर मोजली जात होती. अतिदक्षता कक्षाच्या दारातून परिचारिकेने सांगितलेले आकडे त्यांनी इस्पितळाच्या पावतीच्या मागे लिहून घेतले. दोनशे एक्केचाळीस. एकशे शहाऐंशी. एकशे सदतीस. एकशे नऊ. एकशे चार. एकशे तीन. इन्सुलिनचा एक थेंबही बाहेरून दिलेला नव्हता. बाकावर बसून त्यांनी त्या बिंदूंमधून रेघ काढली. रेघ उतरली, हळू झाली, आणि शंभराच्या जवळ येऊन आडवी पडली. एकदाही घसरली नाही, एकदाही उसळली नाही. असा आलेख कॉलेजच्या पुस्तकात असे, कारखान्यात नसे. शरीराबाहेर बर्फात कित्येक तास काढलेल्या, परक्या मुलखात नुकत्याच पोहोचलेल्या, तळहाताएवढ्याशा इंद्रियाने तो पहिल्याच दुपारी काढून दाखवला होता. आत्मारामांना आधी आनंद झाला नव्हता. आधी वाटले ते निव्वळ कौतुक होते, आपल्याहून थोर कारागिराचे काम पाहिल्यावर वाटते तसे. त्यात किंचित मत्सरही असावा. आनंद दुसऱ्या दिवशी आला.

त्याच कारागिराचे आता तीनशे बारा झाले होते. घरी सोडताना शल्यवैद्यांनी स्पष्ट सांगितले होते: शरीराने नवे स्वादुपिंड नाकारायला सुरुवात केली तर रक्तातली दुसरी द्रव्ये आधी वाढतात. साखर सगळ्यांत शेवटी. साखर वाढलेली दिसली म्हणजे बहुधा उशीर झालेला असतो. शेवटची रक्ततपासणी बारा दिवसांपूर्वी झाली होती, पुढची उद्या. रोज बोट टोचायची गरज नाही, असेही ते म्हणाले होते. पण आत्मारामांनी दुपारच्या जेवणाआधीची एक मोजणी चालू ठेवली होती, आणि रसिकाने ती चालू ठेवू दिली होती. "ते बाबांचं औषध आहे," ती आल्यागेल्याला सांगे. बारा दिवस. बारा दिवसांत काय काय झाले? गेल्या आठवड्यात ती मैत्रिणीकडे घरून चालत गेली आणि चालत आली. परवा जिन्यात थांबली होती. चप्पलचा पट्टा सुटला म्हणाली. खरेच पट्टा सुटला होता का? काल वरण कमी घेतले. आत्माराम ओट्याकडे पाहत होते. पाठमोरी रसिका आंबा दोन्ही तळव्यांत फिरवून मऊ करीत होती, आणि तिच्या पाठीच्या हालचालीत, कोपरांत, मानेवरच्या घामात ते काहीतरी शोधत होते. ती गुणगुणत होती. तिच्या डाव्या मनगटावर डायलिसिससाठी केलेली ती फुगीर नस अजून होती. बोट ठेवले की आत मधमाशी कोंडल्यासारखी थरथर लागे. ती बंद करून टाकू या का, असे डॉक्टरांना विचारले तेव्हा ते म्हणाले होते, असू दे, कधी लागलीच तर. 'कधी लागलीच तर' हे शब्द त्यांना आत्ता पहिल्यांदा पूर्ण ऐकू आले.

घरभर आंब्याचा वास होता. अक्षय्य तृतीया होती, आणि या घरात पंचवीस वर्षांनी आमरस होत होता. रसिकाला जे खाता येत नाही ते घरात आणायचे नाही, हे उर्मिलेने पहिल्याच वर्षी ठरवले होते. साखरेचा डबा गेला, गुळाची ढेप गेली. मे महिन्यात खिडकीतून दुसऱ्यांच्या घरच्या आंब्याचा वास आत येई तेवढाच. तृतीयेला आत्मारामांच्या आईवडिलांच्या नावाने दोन पाने वाढली जात, त्यांत खीर असे, बिनसाखरेची. या वर्षी डॉक्टरांनी वाटीभर आमरसाची परवानगी दिली, आणि सकाळीच नवघर गावातल्या सावित्रीबाई टोपलीभर रायवळ आंबे घेऊन आल्या. इमारत उभी राहण्याआधी ही जमीन त्यांची भातशेती होती. "झाडावरचं हायत, भाऊ. औषिद मारलेलं न्हाय," त्या म्हणाल्या. "पोरीला पोटभर खाऊ दे. किती वरसं तिला मोजूनमापून घातलंत!" त्यांच्या सासऱ्यांचे मिठागर होते. मोजणीचा विषय निघाला की त्या ठरलेली गोष्ट सांगत, तशी आजही सांगून गेल्या: "माझा सासरा खाजणाच्या पाण्यात बोट बुडवी नि जिभंवर ठेवी. आज मीठ धरंल का न्हाय, तितंच सांगं. त्याला कुटं मशीन होतं?" आत्माराम दर वेळी हसून मान डोलवत. मनातून त्यांना त्या सासऱ्यांविषयी फार आदर होता, पण जिभेची मोजणी वहीत कशी लिहायची, हा प्रश्न त्यांना पडे.

"मिक्सर काढू का?" उर्मिलेने विचारले होते. रसिका नको म्हणाली होती. आंबे तिने स्वतः मिठाच्या पाण्यात धुतले, पुसले, आणि पिळायला घेतले, कारण या वर्षी पाने तीन वाढायची होती. तिसरे पान जिचे होते तिचे नाव त्यांना ठाऊक नव्हते. नाव सांगत नाहीत. वय सव्वीस, स्त्री, एवढेच एका परिचारिकेच्या तोंडून निसटले होते. कुठल्याशा घरातल्या माणसांनी, त्यांच्या आयुष्यातल्या सर्वांत वाईट दुपारी, समोर ठेवलेल्या कागदावर सही केली होती. आत्मारामांनी कितीदा तरी स्वतःला त्या खुर्चीत बसवून पाहिले होते. आपला हात त्या कागदापर्यंत पोहोचला असता, अशी खात्री त्यांना एकदाही देता आली नव्हती. त्या अनोळखी बापाचा हात पोहोचला होता. "तिच्या पानात माझ्या हातचं पडू दे," रसिका म्हणाली होती. आणि आता तेच तीनशे बारा. त्या मुलीची राहिलेली शेवटची गोष्ट आपल्याकडे राखायला दिली होती, आणि आपल्या नजरेखाली ती संपते आहे, असे आत्मारामांना वाटले. ते उठले. भावना आली की आधी उपकरण तपासावे, ही त्यांची जुनी सवय होती.

कपाटातून त्यांनी मीटर तपासायच्या द्रावणाची कुपी काढली. नवी पट्टी लावली, द्रावणाचा थेंब सोडला. आकडा कुपीवर छापलेल्या मर्यादेत, अगदी मधोमध आला. कॉलेजातले गुणवंत सर म्हणायचे, उपकरणावर संशय घ्या, तो फिटला की मगच वस्तूवर घ्या. संशय फिटला होता. दोन मोजण्या, एकमेकींना धरून, मीटर बिनचूक. आत्मारामांना आपली पद्धत इतकी निर्दय कधी वाटली नव्हती. त्यांनी फोन उचलला, गॅलरीत गेले आणि काचेचे दार मागून ओढून घेतले. समोर उंच इमारतींच्या फटीतून मिठागरांचा एक तुकडा दिसत होता, उन्हात पांढराफेक.

प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांची सगळी विचारपूस मृणालिनी नावाची समन्वयक करीत असे. तिने पहिल्याच घंटीला फोन घेतला. "बोला काका! झाली का पुरणपोळी?"

"रसिकाची साखर तीनशे बारा आहे. पुन्हा घेतली, दोनशे सत्त्याण्णव. मीटर तपासला. मीटर बरोबर आहे."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "ताप?"

"नाही."

"पोटात दुखतंय? उजवीकडे, खाली?"

"काही म्हणाली नाही. गाणं म्हणतेय."

"सकाळच्या गोळ्या?"

"आठ वाजता. माझ्यासमोर."

"उलटी, जुलाब, काही खाल्लं मध्ये?"

"काही नाही. सकाळपासून आंबे पिळत बसलीय."

"मिक्सरवर?"

"हातानं. हातानंच पिळायचे म्हणाली."

मृणालिनीने अगदी सावकाश विचारले, "काका, टोचायच्या आधी तिनं साबणानं हात धुतले होते?"

पूर्वी ते स्वतः स्पिरिटच्या बोळ्याने बोट पुसत. शस्त्रक्रियेनंतर कातडी कोरडी पडते म्हणून स्पिरिट बंद झाले, साबणाने हात धुवा म्हणून सांगितले गेले, आणि ते काम रसिकाकडे गेले. हाक मारली तेव्हा ती ओट्यापासून आली होती, ओल्या फडक्याला हात पुसत. ओल्या फडक्याला. पंचवीस वर्षे या घरात बोटाला गोड लागावे असे काही नव्हतेच. त्यांच्या कामाच्या क्रमात ती पायरी कधी जन्मलीच नव्हती. आंब्याचा वास घरभर होता, म्हणून तो बोटालाही असेल हे नाकाला सुचले नाही. त्यांनी आपला डावा हात पाहिला. याच अंगठ्याने ते बोट दाबले होते. आजूबाजूला कुणी नव्हते. त्यांनी अंगठा जिभेला लावला.

"काका? ऐकताय ना?"

"गोड आहे," आत्माराम म्हणाले.

"काय गोड आहे?"

"अंगठा. माझा अंगठा."

"अहो काका!" मृणालिनीचा श्वास मोठ्याने सुटला. "जा, हात धुवून परत घ्या. मी फोन ठेवत नाही. आणि काही झालं तरी उद्याचं रक्त चुकवायचं नाही."

गोड अंगठा ही शक्यता होती, मोजणी नव्हे. हे आत्मारामांना दार सरकवतानाही ठाऊक होते. "रसिका, हात धू. साबणानं. कोपरापर्यंत." त्यांचा आवाज असा काही निघाला की तिने काही न विचारता नळ सोडला. त्यांनी स्वतःचेही हात धुतले. टॉवेल कपाटातून कोरा काढला. उजव्या हाताचे, आज न टोचलेले बोट घेतले. ते थंड होते, म्हणून त्यांनी ते आपल्या मुठीत थोडा वेळ धरले, आणि हे बोट आता बाईचे आहे, चौतीस वर्षांच्या बाईचे, हे त्यांना कधी नव्हे ते जाणवले. थेंब आला. पट्टीने ओढून घेतला. पाच. चार. टेबलावर फोन चालूच पडला होता आणि त्यातून इस्पितळातला पंखा ऐकू येत होता. तीन. उर्मिला कणकेचे हात तसेच ठेवून मागे येऊन उभी राहिली होती. दोन. एक.

"अठ्ठ्याण्णव," आत्माराम म्हणाले. मग फोनजवळ वाकून, जरा मोठ्याने, "अठ्ठ्याण्णव."

"नैवेद्य दाखवा मग," फोन म्हणाला आणि बंद झाला.

रसिका त्यांच्याकडे पाहत होती. "आणि मघाशी किती होता?"

"तीनशे बारा. नंतर दोनशे सत्त्याण्णव."

"आणि मला म्हणालात, बरा आहे?" ती खुर्चीत बसली. हसू आणि राग दोन्ही तिच्या चेहऱ्यावर एकदम आले होते. "बाबा, तुम्ही खोटं बोललात?"

"दोनदा," आत्माराम म्हणाले. "पट्टीला रक्तही पुरलं होतं."

"मला कळलंच होतं," उर्मिला म्हणाली. "बरा म्हणे! कारखान्यात साहेबाला असंच सांगायचात का हो, बॉयलर बरा आहे म्हणून?" ती बोलत होती तोवर तिचे डोळे भरले, आणि हातांना कणीक असल्यामुळे तिला ते पुसता येईनात. रसिकाने आपल्या पदराने पुसले. "हात धुतलेत हो मी," ती आईला म्हणाली, "कोपरापर्यंत."

बारा वाजता तीन पाने मांडली गेली. दोन पानांवर उर्मिलेने नावे घेतली. तिसऱ्यापाशी ती थांबली, नवऱ्याकडे पाहू लागली. रसिकाने पाण्याने भरलेला मातीचा लहान घट पानाशेजारी ठेवला, वाटीत आमरस वाढला, उजव्या हाताने पोटाच्या खालच्या बाजूला साडीवरूनच किंचित स्पर्श केला आणि म्हणाली, "घे गं." एवढेच. मग तिने स्वतःची वाटी उचलली.

जेवणे झाल्यावर आत्मारामांनी बारावी वही उघडली. तीन रकाने होते: वेळ, आकडा, कारण. मोजलेला आकडा कधी खोडायचा नाही, हे गुणवंत सरांनी सतराव्या वर्षी शिकवले होते. चुकला असेल तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, अशी की खालचा आकडा वाचता यावा, आणि शेजारी चूक होण्याचे कारण लिहायचे. नुसते 'चूक' नव्हे, मुळाशी काय घडले ते. पंचवीस वर्षांच्या वह्यांत त्या रकान्यात ताप होता, परीक्षा होती, उशिरा दिलेले इंजेक्शन होते, शाळेत तसाच परत आलेला डबा होता. त्यांनी तीनशे बारा लिहिले आणि वर रेघ मारली. दोनशे सत्त्याण्णव लिहिले, वर रेघ मारली. तिसऱ्या ओळीत अठ्ठ्याण्णव लिहिले. मग कारणाच्या रकान्यात 'हात धुतले नव्हते' असे लिहायला पेन टेकवले आणि उचलले. ते खरे होते, पण मुळाशी नव्हते. आतून रसिका हाक मारीत होती, वाटीभर उरलाय, तुम्ही घेताय की मी संपवू. "संपव," ते म्हणाले, आणि ओळीबाहेर अक्षर जाणार नाही अशा बेताने, बारीक अक्षरांत, लिहू लागले: अक्षय्य तृतीया. तिसऱ्या पानासाठी आंबे स्वतः पिळले.